हेल्पचं पान का उघडत नाही?

संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधलं हेल्पचं पान ब्राउझरमध्ये उघडत नाही, ही काही इतिहास लिहावा अशी घटना नव्हे असं कुणालाही वाटेल. पण गेले दोन महिने मी या एकाच गोष्टीच्या मागे होते, आणि शोधता शोधता लक्षात आलं की या न उघडणाऱ्या पानाला चांगला पन्नास-पंचावन्न वर्षांचा इतिहास आहे. आयुष्यभर इतिहास शिकवला, त्यामुळे तारखा दिसल्या की मला राहवत नाही. तेव्हा मंडळी, थोडं सोसा. :)

सुरुवात कागदापासून करते, आणि तीही आमच्याच भागातून. माझं माहेर शिरूरचं, सासर दौंडचं. शिरूर तालुक्यात जातेगाव बुद्रुक नावाचं गाव आहे. शंभर वर्षांपूर्वी हे गाव एका इंग्रजी पुस्तकाचा विषय झालं होतं, हे आमच्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य राहिलेले डॉ. हॅरल्ड मान यांनी १९१७ साली पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरचा अभ्यास प्रसिद्ध केला (आज तिथे नुसत्या उंच इमारती आहेत, तेव्हा शेतं होती). मग त्यांनी दुसरं गाव घेतलं ते पुण्यापासून लांबचं, कोरडवाहू. ते जातेगाव बुद्रुक. एन. व्ही. कानिटकर यांच्याबरोबर केलेला हा अभ्यास १९२१ साली पुस्तकरूपाने आला. जमिनीचे तुकडे, पिकं, गुरं, कर्ज, घरटी उत्पन्न, सगळं मोजलेलं.

अशा पुस्तकांत मला एक गोष्ट आवडते. तक्ता आणि त्याचा खुलासा एकाच बांधणीत असतात. हा आकडा कसा मिळवला, कोणाला धरलं, कोणाला सोडलं, हे पान उलटलं की सापडतं. शंभर वर्षं झाली तरी त्या खुलाशाचं पान 'उघडत नाही' अशी तक्रार कुणी करणार नाही. वाळवी लागली तर गोष्ट वेगळी.

मग यंत्रं आली. समाजशास्त्राच्या लोकांना आकडेमोड सोपी व्हावी म्हणून १९६८ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात नॉर्मन नाय, डेल बेंट आणि हॅडलाय हल या तिघांनी 'एसपीएसएस' तयार केलं. त्याची माहिती देणारं पुस्तक १९७० साली छापून निघालं, आणि ते सॉफ्टवेअर विद्यापीठाविद्यापीठांतून पसरलं त्यात या पुस्तकाचा वाटा मोठा होता. म्हणजे मदत अजून कागदावरच होती. अडचण एवढीच की असलं पुस्तक कपाटात असतं, आणि कपाटाची किल्ली ज्याच्याकडे त्याच्याकडेच मदत असते. शाळेतल्या लॅबचं कपाट ज्यांनी पाहिलंय त्यांना याहून जास्त सांगायला नको.

कपाट टाळायची युक्ती बेल लॅब्जमध्ये निघाली. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी 'युनिक्स' लिहिलं, त्याच्या माहितीपुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. पुढे लवकरच ते पुस्तक यंत्राच्या आतच ठेवलं गेलं. 'मॅन' असं टाइप करायचं, पुढे आज्ञेचं नाव लिहायचं, की त्या आज्ञेचं पान समोर. ब्राउझर नाही, चित्र नाही, नुसती अक्षरं. मला विचाराल तर मदतीची यापेक्षा बरी सोय नंतर झाली नाही. पण माझं मत बाजूला ठेवा.

त्याच बेल लॅब्जमध्ये १९७६ साली जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आकडेशास्त्रासाठी एक भाषा सुरू केली. तिचं नाव नुसतं 'एस'. ती पुढे विकली जाऊ लागली. न्यूझीलंडमध्ये ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोघांना विद्यार्थ्यांसाठी तसंच काहीतरी हवं होतं. त्यांनी स्वतःच लिहायला घेतलं. दोघांच्याही नावाचं पहिलं अक्षर आर, शिवाय इंग्रजी बाराखडीत एसच्या अलीकडचं अक्षर आर, म्हणून नाव 'आर'. १९९३ साली ते लोकांना दाखवलं, १९९५ साली मोफत आणि खुलं केलं, आणि आवृत्ती १.०.० आली २९ फेब्रुवारी २००० ला. लीप वर्षाचा जास्तीचा दिवस निवडलेला पाहून मला मौज वाटली.

मोफत असणं ही आमच्या भागासाठी लहान गोष्ट नाही. पुणे जिल्ह्याला संख्याशास्त्र परकं नाही. पुणे विद्यापीठात १९५३ साली वसंत शंकर हुजूरबाजार यांनी हा विभाग उभा केला. नमुना पाहणीचं शास्त्र जगाला शिकवणारे पां. वा. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, रोमची नोकरी संपवून ते पुण्यालाच परतले. पण विद्यापीठाच्या विभागातून तालुक्याच्या कॉलेजपर्यंत यायला विकत घ्यायच्या सॉफ्टवेअरला परवडत नाही. 'आर' आलं, कारण ते फुकट आलं. आज बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला ते असतं. जुन्या, मंद संगणकांवरही चालतं.

आता हेल्पकडे वळते. 'आर'मधल्या प्रत्येक आज्ञेसाठी एक पान असतं. ते एकदाच लिहितात, आणि त्याची वेगवेगळी रूपं यंत्र काढून देतं: पडद्यावरची साधी अक्षरं, छापायचं पान आणि ब्राउझरमध्ये उघडणारं पान. ब्राउझरचं रूप लोकांना आवडलं, कारण त्यात दुवे असतात. एका पानावरून दुसऱ्या पानावर जाता येतं. नव्वदच्या दशकात जो तो सगळं ब्राउझरमध्ये घालत होता, त्यात हेही गेलं.

आणि इथून दुखणं सुरू झालं. ब्राउझर ही बाहेरच्या जगाकडे उघडणारी खिडकी. बाहेरून चोर यायला लागले तसे तिला गज बसले, जाळ्या बसल्या, कुलपं बसली. योग्यच झालं. पण त्याच खिडकीतून आपण घरातलीही वस्तू घेत होतो, आणि प्रत्येक नव्या कुलपाबरोबर ती अडकायला लागली.

क्रमाने सांगते. मायक्रोसॉफ्टची विंडोज ३.० आली १९९० साली, तिच्याबरोबर हेल्पच्या फायलींचा एक प्रकार आला. १९९७ साली त्याच्या जागी दुसरा आणला, 'सीएचएम' नावाचा. वेबपानांचा गठ्ठा बांधून एक फाइल केलेली, आणि ती दाखवायला आतून इंटरनेट एक्स्प्लोररचंच यंत्र. 'आर'नेही विंडोजवर काही वर्षं हा प्रकार वापरला. २००४ साली एक्सपीची सर्व्हिस पॅक २ आली, तेव्हापासून नेटवरून उतरवलेल्या फाइलवर 'ही बाहेरची आहे' असा शिक्का बसायला लागला. शिक्का काढल्याशिवाय डावीकडे अनुक्रमणिका दिसायची आणि उजवीकडे पान कोरं. जून २००५ मध्ये सुरक्षेची आणखी एक दुरुस्ती आली आणि दुसऱ्या संगणकावर ठेवलेली, नेटवर्कवरून उघडलेली सीएचएम फाइलही कोरी दिसू लागली. म्हणजे ज्या लॅबमध्ये सगळं एका मुख्य संगणकावर ठेवून बाकीचे तिथून वापरत, तिथे एका सकाळी सगळ्यांचीच हेल्प गेली. कुणी काही मोडलं नव्हतं! २००७ साली व्हिस्टा बाजारात आली तेव्हा १९९०चा जुना प्रकार दाखवणारा प्रोग्रॅम तिच्यातून काढूनच टाकला होता. जुन्या सॉफ्टवेअरची हेल्प डिस्कवर तशीच राहिली, फक्त ती वाचणारा कुणी उरला नाही. मोडी कागदांचं झालं तसंच म्हणा.

'आर'च्या स्वतःच्या पानांचंही दुखणं होतं. पानं आधीच तयार करून डिस्कवर ठेवलेली असत आणि एकमेकांचे पत्ते त्यांत लिहून टाकलेले. तुम्ही एखादं जादा पॅकेज वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलंत की त्याच्या पानावरचे दुवे भलतीकडे जायचे, पान सापडायचं नाही. शिवाय पानांत शोध घ्यायची जी सोय होती तिला ब्राउझरमध्ये जावा चालू लागायचा. ज्याच्याकडे तो नाही किंवा बंद आहे, त्याचा शोध तिथेच थांबायचा. (तो जावाचा प्रकार ब्राउझरांनी पुढे बंदच केला, क्रोमने २०१५ साली, फायरफॉक्सने २०१७ साली. आणि इंटरनेट एक्स्प्लोरर स्वतः जून २०२२ मध्ये निवृत्त झाला.)

म्हणून ऑक्टोबर २००९ मध्ये, आवृत्ती २.१०.० मध्ये, 'आर'वाल्यांनी सगळी रचना बदलली. सीएचएम बंद. जावाचा शोध बंद. आधी करून ठेवलेली पानंही बंद. त्याऐवजी 'आर'च्या पोटातच एक छोटा सर्व्हर बसवला. तुम्ही मदत मागितलीत की तो तेवढंच पान त्या क्षणी तयार करतो आणि ब्राउझरला देतो. पोळ्या सकाळीच करून डब्यात भरून ठेवायच्या ऐवजी ताटावर बसल्यावर तव्यावरची वाढायची, तसं. दुवे चुकायचं दुखणं त्याने गेलं, कारण पान करतानाच कोणतं पॅकेज कुठे आहे हे बघून पत्ते लिहिले जातात.

पण नवी पद्धत, नवं दुखणं. हे पान कुठल्या पत्त्यावर मिळतं? १२७.०.०.१ वर. आणि ही गोष्ट कळली नाही तर पुढचं काहीच कळत नाही, म्हणून इथे जरा थांबते.

इंटरनेटवर प्रत्येक संगणकाला आकड्यांचा पत्ता असतो. त्यांतले १२७ ने सुरू होणारे सगळे पत्ते १९८०च्या दशकातच एका कामासाठी राखून ठेवले. ते काम म्हणजे 'मी स्वतः'. एकूण पत्ते किती राखले? १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६! वापरायचा एकच, १२७.०.०.१, बाकीचे पडून. (सरकारी जमिनीची आठवण झाली.) हा पत्ता लिहिला की संगणक बाहेर जातच नाही, स्वतःच स्वतःला विचारतो. म्हणजे हेल्पचं पान अमेरिकेहून येत नाही, पुण्याहूनही नाही. ते त्याच टेबलावरच्या त्याच डब्यात असतं. इंटरनेटची वायर काढून ठेवली तरी उघडायला हवं.

आणि तरी उघडत नाही तेव्हा पाहणारा काय समजतो? समोर ब्राउझर आहे, त्यात 'कनेक्शन' वगैरे शब्द आहेत, म्हणजे नेट गेलं असणार. आमच्याकडे नेट जाणं ही नेहमीचीच गोष्ट, त्यामुळे कुणाला संशयसुद्धा येत नाही.

आता आमच्या नातीचं सांगते, म्हणजे मी यात का पडले ते कळेल. ही माझ्या भावाची नात, शिरूरला असते, बी.एस्सी.ला आहे. मला आत्याआजी म्हणते. वर्षाच्या प्रोजेक्टसाठी तिने आणि तिच्या मैत्रिणींनी तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या चाळीस घरांची पाहणी केली: माणसं किती, जमीन किती, महिन्याचं उत्पन्न किती. सहा घरांनी उत्पन्न सांगितलं नाही. तिने त्या जागा रिकाम्या ठेवल्या. कॉलेजच्या लॅबमध्ये बसून 'आर'ला सरासरी विचारली, तर उत्तर आलं 'एनए'. आकडा नाही, नुसती दोन अक्षरं.

तिने मदत मागितली. 'आर'मध्ये प्रश्नचिन्ह देऊन पुढे आज्ञेचं नाव लिहिलं की मदत मिळते, एवढं तिला शिकवलेलं होतं. ब्राउझर उघडला. त्यात चुकीची एक सूचना. पुन्हा केलं, पुन्हा तेच. लॅबमधले म्हणाले नेटचा प्रॉब्लेम आहे, उद्या बघ. उद्याही तेच. प्रोजेक्ट द्यायची तारीख चार दिवसांवर. शेवटी तिने त्या सहा रिकाम्या जागांत शून्य भरलं. लगेच सरासरी आली. प्रश्न सुटला!

रविवारी ती दौंडला आली तेव्हा मला तक्ता दाखवत होती. सरासरी इतकी कमी कशी म्हणून मी सहज विचारलं, तेव्हा हे शून्याचं कळलं. मंडळी, मला संख्याशास्त्र येत नाही. पण चौतीस वर्षं निकालपत्रकं भरली आहेत. गैरहजर मुलापुढे आम्ही 'गै.ह.' लिहितो, शून्य लिहीत नाही. शून्य म्हणजे मुलगा बसला आणि काही आलं नाही. गैरहजर म्हणजे त्याला काय येतं ते आपल्याला माहीतच नाही. पाच घरं धरा: आठ हजार, दहा हजार, एक रिकामं, बारा हजार, दहा हजार. रिकाम्याला शून्य धरलं तर सरासरी आठ हजार येते, त्याला सोडून उरलेल्या चार घरांची काढली तर दहा हजार. दोन हजारांचा फरक. आणि ज्या घराने उत्पन्न सांगितलं नाही ते कदाचित सगळ्यांत जास्त कमावणारं असेल, कोण जाणे! त्याला आपण कागदावर कफल्लक करून ठेवलं.

'एनए' म्हणजे 'उपलब्ध नाही'. 'आर'चं म्हणणं इतकंच की एक आकडा मला माहीत नाही, तर सगळ्यांची सरासरी मी कशी सांगू? आकडा माहीत नसताना उत्तर ठोकून न देणारं यंत्र पाहून मला त्याच्याबद्दल आदर वाटला. यावर उपायही त्याच हेल्पच्या पानावर लिहिलेला आहे. रिकाम्या जागा बाजूला ठेवून सरासरी काढ, असं सांगायची एक खूण आहे, 'एनए-आरएम' नावाची. तीही पानाच्या वरच्या भागात, दोन ओळींत. त्या दोन ओळी तिच्यासमोरच्या डब्यात सगळा वेळ होत्या.

मला राग आला तो यंत्राचा नाही. ती म्हणाली, "मलाच जमत नाही, आत्याआजी. इंग्लिश मीडियमच्या मुलींना येतं." पान उघडलं नाही, आणि मुलीने दोष घेतला तो स्वतःच्या माध्यमाकडे. मी स्वतः मराठी माध्यमाची, बी.ए.सुद्धा मराठीतून, त्यामुळे हे वाक्य मला चांगलंच ओळखीचं आहे. तेव्हा म्हटलं, बघूच हे पान उघडत का नाही. माझा भाचा पुण्याला कॉम्प्युटरमध्येच आहे. रोज संध्याकाळी फोनवर त्याला भंडावलं. बिचारा कंटाळला नाही. निवृत्तीच्या आधी एमएस-सीआयटी केली होती, तीही इतक्या वर्षांनी कामाला आली.

कारण सापडलं ते असं. कॉलेजात नेट एका मधल्या यंत्रातून येतं, त्याला प्रॉक्सी म्हणतात. ब्राउझरला सांगून ठेवलेलं असतं की काही हवं असेल तर या मधल्याला सांग, तो आणून देईल. आता 'मी स्वतः' हा पत्ता मधल्याला सांगितला तर काय होईल? आपण ऑफिसात बसून शिपायाला म्हणावं, "घरून डबा घेऊन ये", आणि त्याने स्वतःच्या घरी जावं, तसं! प्रॉक्सी १२७.०.०.१ म्हणजे स्वतःलाच समजतो, स्वतःकडे हेल्पचं पान शोधतो, आणि नाही म्हणून सांगतो. ब्राउझरमध्ये यासाठी अपवादांची एक चौकट असते, त्यात हा पत्ता लिहिलेला असला की ब्राउझर मधल्याला न विचारता घरातच बघतो. लॅबमधला ब्राउझर बराच जुना, आणि ती चौकट कुणीतरी कधीतरी रिकामी करून ठेवलेली. नवे ब्राउझर हा अपवाद आपणहून पाळतात, म्हणून तिच्या मैत्रिणीच्या नव्या लॅपटॉपवर पान उघडत होतं आणि सगळ्यांना कोडं पडलं होतं.

त्या चौकटीत आकडे भरले, आणि पान उघडलं. दोन महिन्यांची खटपट आणि उपाय दहा सेकंदांचा. (प्रोजेक्ट दोन दिवस उशिरा गेला, पण शून्यं काढून गेला. सहापैकी दोन घरांनी पुन्हा विचारल्यावर उत्पन्न सांगितलं. चार घरं रिकामीच राहिली, आणि तसं तिने स्वच्छ लिहिलं.)

आणखी काही गोष्टी या खटपटीत कळल्या, कुणाच्या मुलाबाळांना उपयोगी पडतील. पान उघडलं नाही की आधी वरच्या पट्टीतला पत्ता बघायचा. तो १२७ ने सुरू होत असेल तर नेटला दोष द्यायचं कारण नाही. 'आर' बंद केलं की त्याचा सर्व्हरही बंद, त्यामुळे काल उघडलेलं हेल्पचं पान आज ताजं करायला गेलं तर उघडणार नाही. पत्त्याच्या शेवटी जो आकडा असतो तोही दर वेळी वेगळा, म्हणून ते पान खूण करून ठेवण्यात अर्थ नाही. 'आर' एखाद्या लांबलचक हिशोबात गुंतलेलं असेल तर पान अडून राहतं, कारण हिशोब करणारा आणि पान देणारा एकच आहे. दुकानदार गिऱ्हाइकाचा माल मोजत असताना आपण भाव विचारला तर तो हात रिकामा झाल्यावरच सांगणार. आणि काहीच जमलं नाही तर मदत साध्या अक्षरांत मागता येते, ब्राउझरशिवाय. 'हेल्प' आज्ञेतच 'हेल्प-टाइप' म्हणजे 'टेक्स्ट' असं लिहायचं. ती पद्धत युनिक्सच्या त्या 'मॅन'ची नातेवाईक आहे. आजवरच्या सगळ्या कुलपांनी तिला हात लावलेला नाही. २०११ पासून आरस्टुडिओ नावाचं एक आवरण मिळतं, त्यात हेल्प त्याच खिडकीच्या एका कोपऱ्यात दिसते, वेगळ्या ब्राउझरची गरज पडत नाही. ज्यांच्या संगणकाला ते झेपतं त्यांनी जरूर घ्यावं.

पान उघडल्यावर सगळं संपलं असंही नाही. आम्ही दोघी फोनवर ते पान वाचायला बसलो. मधल्या मथळ्याचा शब्द 'आर्ग्युमेंट्स'. ती म्हणाली, "यात वाद कसला?" शब्दकोशात तोच अर्थ पहिला असतो, तिची काय चूक! इथे त्याचा अर्थ आज्ञेला द्यायचा मालमसाला: कोणते आकडे, रिकाम्यांचं काय करायचं, वगैरे. ही पानं इंग्रजीतच आहेत. आम्ही दोघींनी मिळून दहा आज्ञांची पानं मराठीत उतरवून वहीत लिहिली आहेत. वही सध्या तिच्या वर्गात फिरते आहे, परत येईल तेव्हा पुढची दहा.

आता जुन्या वाचकांसाठी एक, कारण आपण सगळे एकेकाळी मराठीऐवजी चौकोन आणि प्रश्नचिन्हं वाचलेली माणसं. देवनागरी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत, १९९१ सालीच होती. पण विंडोजच्या पोटात जुन्या प्रोग्रॅमांसाठी प्रत्येक भाषेची जी आकडेवारी असायची, ज्याला कोडपेज म्हणतात, ते देवनागरीला कधी मिळालंच नाही. त्यामुळे हौसेने विंडोजवर खातं मराठी नावाने उघडलं की त्या नावाचं फोल्डर होतं, आणि जुन्या कोडपेजवर चालणाऱ्या प्रोग्रॅमना ते वाचता येत नाही. 'आर'ही विंडोजवर बरीच वर्षं त्यांतलंच एक होतं. आपल्या फायली कुठे ठेवायच्या तेच त्याला नीट सांगता येत नसे, मग पॅकेज कुठलं आणि मदत कुठली. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या आवृत्ती ४.२.० पासून ते विंडोजवरही सरळ युनिकोड वापरतं, मात्र विंडोज १० ची २०१९च्या मे महिन्यातली किंवा त्यानंतरची आवृत्ती लागते.

तेव्हा ज्यांच्या घरी नवा लॅपटॉप येतो आहे आणि मूल संख्याशास्त्राला आहे, त्यांनी पहिलं खातं रोमन अक्षरांत उघडावं. मला हे लिहिताना बरं वाटत नाही, पण लॅबमध्ये अजून जुन्या आवृत्त्या आहेत आणि मुलं तिथलीच फाइल पेनड्राइव्हवर घरी आणतात. खात्याचं दिसणारं नाव नंतर मराठीत करता येतं. फोल्डरचं नाव मात्र पहिल्या दिवशी जे पडलं तेच राहतं, वरचं नाव बदललं तरी ते बदलत नाही.